छोट्या लॅपटॉपात काय घालावं: एसएसडी की हार्ड डिस्क?

जुलैत भाची लातूरहून इंजिनिअरिंगला पुण्यात आली. पहिल्या आठवड्यात मेस ठरली, दुसऱ्या आठवड्यात लॅपटॉपचा विषय निघाला. दुकानातूनच फोन: "मामा, दोन बघितलेत. दोन्ही चौदा इंची, दोन्ही सेकंड हँड, किमतीतही फार फरक नाही. एकात एक टीबी आहे, दुसऱ्यात फक्त २५६. एक टीबीवालाच घेऊ ना?" मी विचारलं, "एक टीबी म्हणजे काय आहे आत?" पलीकडे दुकानदाराशी थोडी कुजबुज झाली. मग उत्तर आलं, "हार्ड डिस्क म्हणतायत." म्हटलं, "दुसरा घे."

ती हिरमुसली. चौपट जागा सोडून द्यायची म्हणजे काय! फोनवर सगळं सांगता आलं नाही, ते इथे लिहितोय.

निकाल आधीच सांगून टाकतो. लॅपटॉपच्या आत एसएसडी, म्हणजे तबकडीऐवजी चिपवर साठवणारी ड्राइव्ह. हार्ड डिस्क घ्यायचीच असेल तर ती लॅपटॉपच्या बाहेर, टेबलावर. यावर आता वाद घालण्यासारखं फारसं उरलेलं नाही. खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: कुठली एसएसडी तुमच्या लॅपटॉपात बसेल? नवख्या माणसाचे पैसे वाया जातात ते तिथे.

फरक नेमका कुठे पडतो

हार्ड डिस्कच्या डबीत चकचकीत तबकड्या असतात आणि लॅपटॉपमधल्या डिस्कमध्ये त्या बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे मारतात. एक फेरा ११ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा हेडखाली (वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकाखाली) यायला सरासरी अर्धा फेरा जातो, शिवाय हेडचा दांडा आत-बाहेर सरकायला दहा-बारा मिलिसेकंद. हिशेब केला तर विखुरलेल्या फाइली शोधून आणायचं काम ती सेकंदाला साठेक वेळा करू शकते, त्यापेक्षा फार जास्त नाही.

अप्पा बळवंत चौकात शालेय पुस्तकं घ्यायला गेला असाल तर हे चित्र ओळखीचं वाटेल. काउंटरवर नाव सांगायचं, पोऱ्या शिडी चढून माळ्यावर जातो, पुस्तक काढतो, वरून टाकतो. एका पुस्तकाला हे ठीक आहे. पण जूनमध्ये शंभर पालक वेगवेगळ्या इयत्तांच्या याद्या घेऊन उभे राहिले की पोऱ्या तोच आणि शिडीही तीच. विंडोज सुरू होताना अशाच हजारो बारीक फाइली मागते. एसएसडीत शिडीच नाही. सगळं चिपमध्ये असतं, हलणारा भाग एकही नाही. साधी साटा (जुन्या जोडणीची) एसएसडीसुद्धा हे काम सेकंदाला हजारो वेळा करते.

एकच मोठी फाइल, म्हणजे समजा लग्नाचा व्हिडिओ, सलग कॉपी करायची असेल तर हार्ड डिस्क तितकी वाईट नाही. सेकंदाला शंभरेक एमबी देते. साटा एसएसडी साडेपाचशेपर्यंत जाते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई (नव्या, वेगवान जोडणीची एसएसडी) साडेतीन हजारापर्यंत. दुकानातल्या पाटीवर हेच आकडे मोठ्या अक्षरात असतात. तुम्हाला रोज जाणवेल तो फरक मात्र शिडीचा.

दुचाकीचा मुद्दा

हा मुद्दा पुण्यात वेगळा लिहावा लागतो. हार्ड डिस्क चालू असताना हेड तबकडीवर टेकलेलं नसतं, काही नॅनोमीटर वर तरंगत असतं. मध्ये केसही मावणार नाही. लॅपटॉप नीट बंद केला असेल तर हेड बाजूला जाऊन बसतं आणि डिस्क बरेच धक्के सोसते. पण आपण नीट बंद करतो का? झाकण मिटायचं, सॅकमध्ये टाकायचं, सॅक पाठीला आणि गाडी सुरू.

मी एकदा स्वारगेटहून वारज्याला असाच निघालो. आत अपडेट चालू होतं, म्हणजे मशीन झोपलेलंच नव्हतं. वाटेत किती स्पीडब्रेकर आणि किती खड्डे, ते मोजायच्या भानगडीत पडत नाही. रात्री लॅपटॉप उघडला तर आतून टक, टक, टक. अगदी एका लयीत. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना पुढचं सांगायला नको. डेटा काढून द्यायला जे पैसे मागितले, तेवढ्यात दुसरा लॅपटॉप आला असता. चूक माझीच होती.

एसएसडीला या प्रवासाचं सोयरसुतक नसतं. वजनही कमी: अडीच इंची हार्ड डिस्क शंभर ग्रॅमच्या आसपास, एम.२ आकाराच्या एसएसडीची पट्टी जेमतेम दहा ग्रॅम.

एसएसडीचे दुर्गुणही ऐकून घ्या

हार्ड डिस्क मरायच्या आधी बऱ्याचदा कुरकुरते. एसएसडी काल चालू होती आणि आज नाही, असं करू शकते. चुकून उडवलेली फाइल हार्ड डिस्कवरून परत मिळायची बरीच आशा असते. एसएसडीवर विंडोज ट्रिम नावाचा आदेश पाठवते, त्यानंतर ती जागा पुसली जाते आणि फाइल गेली ती गेलीच. शिवाय एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची वस्तू नाही. जुने फोटो वर्षानुवर्षं जपून ठेवायला ती नको.

"एसएसडी लिहून लिहून झिजते" ही भीती मात्र काढून टाका. झीज होते हे खरं, पण आकडा बघा. चांगल्या ५०० जीबी एसएसडीला साधारण ३०० टीबी लिहिण्यापर्यंतची हमी असते. रोज २० जीबी लिहिलं, आणि विद्यार्थी रोज एवढं लिहीत नाही, तरी पंधरा हजार दिवस लागतील. म्हणजे एक्केचाळीस वर्षं.

पहिली पायरी: आत काय आहे ते बघा

अजून स्क्रूड्रायव्हरला हात लावायचा नाही. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. परफॉर्मन्समध्ये जाऊन डिस्क ० बघा. तिथे एसएसडी की एचडीडी ते लिहिलेलं असतं. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या साटा की एनव्हीएमई हेही सांगतात. तुम्ही काही करत नसताना डिस्क १०० टक्के दाखवत असेल आणि ती एचडीडी असेल, तर रोग सापडला.

तिथेच रॅमही बघून घ्या. ४ जीबी असेल तर एसएसडी टाकूनही पूर्ण सुख मिळणार नाही. ८ करता येत असेल तर झाकण एकदाच उघडून दोन्ही कामं उरका.

दुसरी पायरी: जागा कुठल्या प्रकारची आहे

इथे घाई करू नका. सगळ्या लेखात हाच भाग दोनदा वाचण्यासारखा आहे.

लॅपटॉपच्या पाठीवर मॉडेल नंबर असतो. "पॅव्हिलियन" किंवा "आयडियापॅड" एवढ्याने भागत नाही, पुढचे आकडे-अक्षरं सगळी हवीत. कंपनीच्या साइटवर त्याचं दुरुस्तीचं पुस्तक फुकट मिळतं. डेल त्याला सर्व्हिस मॅन्युअल म्हणते, एचपी मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड, लेनोव्हो हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. त्यात स्टोरेजचं पान काढा. चारांपैकी एक गोष्ट निघेल.

एक, अडीच इंची साटा. जुन्या लॅपटॉपात हार्ड डिस्क असते तीच जागा. त्यात अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते, बहुतेक ७ मिलिमीटर जाडीची. हा सगळ्यात सोपा प्रकार. दहा-बारा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपसुद्धा यामुळे पुन्हा वापरण्याजोगा होतो.

दोन, एम.२ मधली साटा, आणि तीन, एम.२ मधली एनव्हीएमई. गोंधळ इथेच होतो, कारण एम.२ हे आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. च्युइंगमच्या पट्टीसारखा तोच आकार, पण आत दोन वेगळ्या भाषा. फक्त साटा बोलणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई घातली तर ती दिसणारच नाही, आणि उलटही तसंच. पट्टीच्या टोकाला एक खाच असेल तर ती बहुधा एनव्हीएमई, दोन खाचा असतील तर बहुधा साटा. "बहुधा" म्हणतोय, कारण दोन खाचांच्या काही एनव्हीएमईही निघाल्या आहेत. खाचेवर नाही, पुस्तकावर विश्वास ठेवा.

लांबीही बघायची. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० लांब. २२४२ आणि २२३० या आखूड पट्ट्या. छोट्या लॅपटॉपात आखूड जागा असायची शक्यता जास्त. २२८० घेऊन आलात आणि स्क्रूचं भोक निम्म्यातच असलं, तर दुकानाची दुसरी फेरी.

चार, काहीच बदलता येत नाही. अगदी स्वस्त अकरा इंची लॅपटॉपात ३२, ६४ किंवा १२८ जीबीची ईएमएमसी मदरबोर्डवरच चिकटवलेली असते. विकणारे तिलाही बिनदिक्कत एसएसडी म्हणतात. फोनमध्ये असायची ती चिप, एसएसडीपेक्षा बरीच हळू. विंडोज ११ ला किमान ६४ जीबी लागते हे लक्षात घेतलं, तर ६४ च्या ईएमएमसीवर तुमच्यासाठी काय उरेल ते दिसतंच आहे. अशा मशीनपासून दूर राहा. अ‍ॅपलच्या एम मालिकेच्या मॅकबुकमध्येही साठवण नंतर वाढवता येत नाही, पण तिथे वेगाची तक्रार नाही. घेतानाच पुरेशी घ्यायची, इतकंच.

काही लॅपटॉपात एम.२ आणि अडीच इंची अशा दोन्ही जागा असतात. तसं निघालं तर विंडोज एम.२ वर, आणि दुसऱ्या जागेत आधीची हार्ड डिस्क राहिली तरी चालेल. आत हार्ड डिस्क ठेवायला मी एवढी एकच सूट देतो, तीसुद्धा लॅपटॉप घरीच असणार असेल तर.

तिसरी पायरी: किती जीबी

कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. म्हणून २५६ ची एसएसडी २३८ दिसते, ५१२ ची ४७६, आणि एक टीबीची ९३१. कुणी फसवलेलं नाही.

कॉमर्सचा किंवा कलाशाखेचा विद्यार्थी, घरातले बिलं-ईमेलवाले काका: २५६ पुरे. कोडिंग शिकणारा: ५१२, कारण अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्याचे एम्युलेटर बघता बघता कित्येक जीबी गिळतात. फोटो-व्हिडिओचं काम असेल तर एक टीबी आणि बाहेरची हार्ड डिस्कही. एसएसडी काठोकाठ भरू नका. १५-२० टक्के मोकळी राहिली की ती नीट चालते.

१२८ ची नवी एसएसडी घेऊ नका. पैसे थोडेच वाचतात आणि सहा महिन्यांत डिस्क फुल.

चौथी पायरी: दुकान

पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत जायचं असेल तर गाडी घरी ठेवा. मेट्रोने मंडई स्टेशनला उतरून बुधवार पेठेत चालत जाता येतं. पार्किंग शोधण्यापेक्षा ते लवकर होतं. मॉडेल नंबर आणि त्या पुस्तकातल्या स्टोरेजच्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. "दादा, एसएसडी दाखवा" असं म्हणू नका. "एम.२ एनव्हीएमई, २२८०, ५१२" असं म्हणा. समोरच्याची बोलण्याची पद्धत लगेच बदलते.

बघायच्या गोष्टी थोड्याच. वॉरंटी तीन वर्षांची की पाच. चिप टीएलसी की क्यूएलसी (एका कप्प्यात तीन बिट की चार): विंडोजसाठी टीएलसी घ्या, क्यूएलसी मोठ्या फाइली लिहिताना दमते. लॅपटॉपचा स्लॉट तिसऱ्या पिढीचा असेल तर चौथ्या पिढीची महागडी ड्राइव्ह तिथे तिसऱ्याच्याच वेगाने पळणार, तेव्हा त्यासाठी जादा पैसे मोजू नका. शिवाय पातळ लॅपटॉपात जोरकस ड्राइव्ह तापते. सॅमसंग, किंग्स्टन, सॅनडिस्क अशा माहीत असलेल्या नावांपैकी मधल्या किमतीची उचला. भाव मी मुद्दाम लिहीत नाही. एसएसडीतल्या फ्लॅश चिपचा भाव वर-खाली होत राहतो, मागच्या वर्षीचा आकडा मनात धरून गेलात तर उगाच घासाघीस होईल.

"बिल पाहिजे का?" असं विचारतील. पाहिजे. १८ टक्के जीएसटी वाचवायचा मोह होतो, पण पक्कं बिल नसेल तर पुढे वॉरंटी मागताना अडचण. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या आणि खोक्यावरच्या नंबराशी तिथेच ताडून बघा. सेकंड हँड लॅपटॉप घेत असाल तर पेन ड्राइव्हमध्ये क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर न्या, दुकानातच चालवा. डिस्क किती तास चालली, किती लिहिलं गेलं आणि तब्येत किती टक्के, सगळं एका खिडकीत दिसतं. "नवीच टाकलीय" म्हणणाऱ्याला नऊ हजार तास दाखवायला मजा येते.

ऑनलाइन हजार-दीड हजाराला १६ टीबीची "एसएसडी" दिसली तर तिथून पुढे जा. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि खोटा आकडा. भरलेल्या फाइली शेवटी रिकाम्या निघतात.

पाचवी पायरी: बदलायची कशी

आधी बॅकअप, वेगळ्या ड्राइव्हवर. मग बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावायची विंडोजची सोय) चालू आहे का ते सेटिंग्जमध्ये बघा. असेल तर बंद करा, किंवा निदान मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की (त्या कुलपाचा नंबर) कागदावर उतरवून घ्या. हे विसरलेली माणसं रात्री अकराला फोन करतात.

जुनं सगळं जसंच्या तसं हवं असेल तर क्लोन, म्हणजे डिस्कची हुबेहूब नक्कल करायची. नवी एसएसडी यूएसबी केबलने किंवा एन्क्लोजरमधून (डिस्क बाहेरून जोडायच्या डबीतून) जोडायची आणि एसएसडी कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा क्लोनझिला वापरायचं. माझा कल कोऱ्या विंडोजकडे. पाच वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? विंडोजचा परवाना बहुधा मदरबोर्डशी जोडलेला असतो, त्यामुळे डिस्क बदलली तरी तो आपोआप लागू होतो.

लॅपटॉप पूर्ण बंद करा, झोपवू नका. चार्जर काढा. मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्या, त्यावर पेनाने लॅपटॉपच्या पाठीचा चौकोन काढा आणि प्रत्येक स्क्रू ज्या जागचा त्या जागी झाकणात टोचून ठेवा. सगळे सारखे नसतात. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर समोरून की-बोर्डजवळ टेंगूळ येतं. रबरी पायांखाली एखादा लपलेला असू शकतो. कव्हर निघत नसेल तर जोर करू नका, स्क्रू राहिलाय. कडेने बँकेचं जुनं कार्ड फिरवा, टक टक करत क्लिपा सुटतात. (ही टक टक चांगली.)

आत गेल्यावर पहिल्यांदा बॅटरीची पिन काढा. मग हाताने धातूच्या एखाद्या वस्तूला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. एम.२ ची पट्टी तिरकी, तीसेक अंशांत आत सरकवायची. सोडली की ती वर उचलूनच राहते. तुटलं असं वाटून दचकू नका. बोटाने खाली दाबायची आणि स्क्रू लावायचा. हा स्क्रू साखरेच्या दाण्याएवढा असतो. पंखा बंद ठेवा.

विंडोज टाकताना ड्राइव्ह दिसलीच नाही तर घाबरू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढच्या बऱ्याच लॅपटॉपांत त्यासाठी आधी रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर द्यावा लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो पेन ड्राइव्हमध्ये आधीच उतरवून ठेवा. दुसरी ड्राइव्ह म्हणून जोडली असेल आणि माय कॉम्प्युटरमध्ये दिसत नसेल, तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन इनिशिअलाइझ करा (वापरासाठी तयार करा), विभागणीचा प्रकार विचारला तर जीपीटी निवडा.

झाल्यावर डीफ्रॅगची, म्हणजे फाइलींचे विखुरलेले तुकडे एकत्र लावणारी सॉफ्टवेअरं टाकू नका. ते हार्ड डिस्कचं औषध आहे. एसएसडीला लागणारं ट्रिम विंडोज स्वतः करते.

आणि काढलेली हार्ड डिस्क?

फेकू नका. अडीच इंची यूएसबी ३ चं एन्क्लोजर थोडक्यात मिळतं, त्यात ती बसते. आधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये बघा; "कॉशन" दाखवत असेल तर तिच्यावर कशाचीही एकमेव प्रत ठेवू नका. चालू असताना टेबलावरून उचलू नका, काढण्याआधी इजेक्ट करा.

भाचीच्या २५६ वाल्या लॅपटॉपात एक अडीच इंची जागा रिकामी निघाली. ती तशीच राहू दिली. माझ्याकडची जुनी ५०० जीबी डिस्क डबीत घालून दिली, वर स्केचपेनने तारीख लिहिली. रविवारी जेवायला येते तेव्हा बॅकअप घेते. डिस्क आमच्याकडेच, टीव्हीच्या कपाटात असते.